नातारा

नाताळात घर सोडून कुणी जातं का, असं आईचं म्हणणं. कुलकुल वळायला हात कमी, गोठ्यासाठी पेंढा आणायला कुणी नाही, आणि मी निघाले जपानला. "तिथे मिस्सा तरी असते का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, असेल कुठेतरी. त्या 'कुठेतरी'वर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कारण म्हणाल तर तिकीट स्वस्त मिळालं, एवढंच. भाची तीन वर्षांपासून तोक्योत आहे, संगणकाची नोकरी करते, आणि दर फोनवर "मावशी, ये ना" म्हणते. शिवाय एक कुतूहल होतं. जपानात ख्रिस्ती माणसं शेकड्याला जेमतेम एक. पंचवीस डिसेंबरला सुट्टी नाही. तरी तिथला नाताळ म्हणे आपल्या वसईलाही मागे टाकेल. देवावाचून देवाचा वाढदिवस कसा होतो, ते पाहावं म्हटलं.

निशी-कसाई स्टेशनाबाहेर भाची उभी होती. "सुकेळी आणलीस?" हा तिचा पहिला प्रश्न. आणली होती, आगाशीची, वाळक्या पानात बांधलेली. या भागात भारतीय इतके राहतात की घरी पोचेपर्यंत मला दोनदा मराठी ऐकू आली. एकदा भांडणातली, एकदा उडदाच्या डाळीच्या भावाबद्दलची.

पहिल्याच संध्याकाळी तिनं मला मारुनोउचीला नेलं. तोक्यो स्टेशनाजवळचा हा भाग म्हणजे बँका आणि कंपन्यांच्या कचेऱ्या. रस्त्याच्या दोन्ही कडेची झाडं बुंध्यापासून टोकाच्या काडीपर्यंत फिकट सोनेरी दिव्यांनी मढवलेली. आपल्याकडे झाडावर माळ टाकतात. इथे फांदीन् फांदी वेगळी गुंडाळली होती. कुणीतरी शिडीवर बसून आठवडेच्या आठवडे हेच काम केलं असणार. खाली गर्दी, पण आवाज नाही. सगळे डावीकडून चालताहेत, फोटोसाठी थांबताहेत, मागच्याला जागा करून देताहेत. आणि सगळे जोडीजोडीनं. मी आणि भाची सोडून.

"मावशी, इथे चोवीस तारीख म्हणजे प्रेमिकांची रात्र," ती म्हणाली. "हॉटेलात टेबल हवं तर महिनाभर आधी सांगायचं. ज्याचं कुणी नाही तो घरात बसून 'कुरिसुमासु'ला 'कुरुशिमिमासु' म्हणतो." कुरुशिमिमासु म्हणजे दुःख भोगतो. कोटी सगळ्या देशाला पाठ आहे. घरच्यांबरोबर राहण्याचा सण म्हणजे नवं वर्ष. तेव्हा मुलं गावी जातात, आजीच्या हातचं खातात, देवळात जाऊन घंटा वाजवतात. थोडक्यात, आपण नाताळात जे करतो ते जपानी एक जानेवारीला करतात, आणि आपली तरुण पोरं एकतीसच्या रात्री जे करतात ते जपानी नाताळात.

तेवीस तारखेला चिकन. केएफसीनं १९७४ साली 'नाताळाला केंटकी' अशी देशभर जाहिरात केली, आणि ती अशी लागू पडली की आज अर्धशतकानंतरही लाखो घरांत नाताळ म्हणजे तळलेल्या कोंबडीचं बादलीएवढं पिंप. टर्की इथे सहसा मिळत नाही. मिळाली तरी भाजणार कशात? भाचीच्या ओट्याला दोन बर्नर आणि मधे मासा भाजायचा एक खण, त्यात पापलेटसुद्धा वाकवून घालावं लागेल. म्हणून विकतचं. दुकानाच्या दारात कर्नल सँडर्सचा माणसाएवढा पुतळा असतो; त्याला लाल डगला आणि टोपी चढवली की झाला सांता. पांढरी दाढी आणि पोट त्याला आधीचंच आहे.

भाचीनं नोव्हेंबरातच नाव नोंदवलं होतं. चिठ्ठीवर वेळ होती, साडेसहा ते सात. आम्ही सहा पंचविसाला पोचलो तर आत न घेता हसून, कमरेत वाकून, बाहेरच्या रांगेत उभं केलं. साडेसहाला आत. सहा बत्तीसला पिंप हातात. रांगेत माझ्यापुढे कोट घातलेले एक आजोबा होते, एकटे. त्यांनी दोनच तुकडे घेतले, पिशवी कोटाच्या आत छातीशी धरली आणि निघून गेले. चव? आपल्या स्टेशनाबाहेरच्या केएफसीसारखीच, थोडी कमी खारट. पण भाचीच्या सहा बाय आठच्या खोलीत, हीटरजवळ पाय पोटाशी घेऊन, बोटं चाटत खाताना मला ते आवडलं. आईला सांगू नका. तिच्या इंद्यालाची ती आठवड्याभराची तयारी आणि हे सहा बत्तीसचं पिंप यांची तुलना करणं पाप आहे.

खरा चमत्कार केकचा. जपानी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाण्याचा बाजार असतो. तिथे चोवीसच्या आदल्या दिवशी काचेच्या कपाटांत शेकडो केक रांगेत मांडलेले, सगळे जवळजवळ सारखे. पांढरा, गोल, वीतभर. हलका स्पंज, ताजी साय फेटून लावलेली, वर लाल स्ट्रॉबेरी. बेदाणे नाहीत, रम नाही, महिनाभर मुरवणं नाही. योकोहामात १९१० साली निघालेल्या फुजिया या दुकानानं हा केक जपानात रुजवला असं सांगतात. पूर्वी वर लोण्याचं क्रीम असे. घरोघरी आणि दुकानोदुकानी फ्रीज आले तेव्हा ताज्या सायीला दिवस आले. लाल आणि पांढरा हे तिथले शुभरंग, लग्नामुंजीचे म्हणा. सांताचे रंगही तेच, त्यामुळे कुणाला काही उपरं वाटलंच नाही. स्ट्रॉबेरीचा मोसम वसंतातला, पण या एका आठवड्यासाठी शेतकरी काचघरात रोपांना ऊब देऊन डिसेंबरात फळ आणतात.

मी एक मुलगी केक बांधताना पाहत उभी राहिले. खोक्यात केक सरकवला, चारी बाजूंना पुठ्ठ्याचे कोपरे लावले की हलू नये. मग विचारलं, घरी पोचायला किती वेळ लागेल? समोरची बाई म्हणाली, पन्नास मिनिटं. मुलीनं शीतपेटीतून बर्फाच्या दोन पुड्या काढल्या, थांबली, आणखी एक काढली, आणि तिन्ही केकला न टेकतील अशा चिकटवल्या. वर फीत, फितीत कागदी होलीची डहाळी. एवढं झाल्यावर काउंटरच्या बाहेर येऊन दोन्ही हातांनी पिशवी दिली. ज्याच्या जन्माचा हा केक, त्याचं नाव त्या मुलीला सांगता आलं असतं का, कोण जाणे. पण बाळ सांभाळून द्यावं तसाच तिनं तो दिला.

या केकवरून एक ओंगळ बोलीही होती. बायका म्हणजे नाताळाचा केक, पंचवीसनंतर कुणी घेत नाही. ऐंशीच्या दशकात सर्रास म्हणायचे. आता लग्नंच तिशीच्या आसपास गेली, तेव्हा बोली आपोआप मेली. भाची सव्वीस वर्षांची आहे. "मी अर्ध्या किमतीतली," असं म्हणून ती खो खो हसली. मला तेवढं हसू आलं नाही. आमच्या आळीतही तिच्याबद्दल हेच बोलतात, फक्त केकचं नाव घेत नाहीत.

नाताळाचं हे सगळं अमेरिकी सैन्यानं युद्धानंतर आणलं, असं मला वाटत होतं. तसं नाही. १८७४ साली तोक्योच्या त्सुकिजी भागात नव्यानं ख्रिस्ती झालेल्या हारा तानेआकी यानं नाताळाचा कार्यक्रम केला. त्यातला सांता सामुराईच्या दरबारी पोशाखात, कमरेला तलवारी लावून आला होता. सांता कुणी पाहिलेला नव्हता, तेव्हा मोठा माणूस जसा दिसतो तसा तो दिसला. पुढे मेइजिया नावाच्या किराणावाल्यानं १९०० साली गिंझात दुकान थाटलं आणि डिसेंबरात ते सजवायला लागला. गंमत अशी की तैशो सम्राट १९२६ साली नेमके पंचवीस डिसेंबरला वारले, त्यामुळे १९२७ पासून १९४७ पर्यंत त्या दिवशी सरकारी सुट्टी होती. सम्राटाच्या पुण्यतिथीच्या सुट्टीत लोक नाताळ करत. आता सुट्टीही नाही. चोवीसला सकाळी भाची नेहमीसारखी सव्वाआठची लोकल धरून कामावर गेली, आणि मी नागासाकीच्या वाटेला लागले.

नागासाकीला का? शाळेपासून एक नाव डोक्यात बसलेलं होतं म्हणून. वसईच्या पोरांना गोन्सालो गार्सिया ठाऊक असतो: आमचं कॉलेज त्याच्या नावाचं, गासचं चर्च त्याच्या नावाचं. सोळाव्या शतकाच्या मध्याला वसईत जन्मला, बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांकडे शिकला, पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, मग व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये तो परत जपानला आला तो दुभाषा म्हणून, कारण बरोबरच्या पाद्र्यांना जपानी येत नव्हती आणि याला येत होती. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. १८६२ मध्ये तो संत झाला. भारतात जन्मलेला पहिला. एवढं सगळं प्रश्नोत्तरांत पाठ केलेलं. पण ती टेकडी खरोखर कुठेतरी आहे, तिथे आगगाडीनं जाता येतं, हे कधी मनात आलंच नव्हतं.

शिंकान्सेननं हाकाता, तिथून दुसरी गाडी, मग ताकेओ-ओन्सेनला समोरच्या फलाटावर उभी असलेली तिसरी. सात-आठ तास. गाडीत खायला स्टेशनावर पाव घेतला. त्याला जपानीत म्हणतात 'पान'. पोर्तुगीजांकडूनच घेतलेला शब्द, आपल्या पावासारखा. शाळेत आम्हाला 'किरिस्ताव, पावखाऊ' म्हणून चिडवत. विहिरीत पाव टाकून गावं बाटवली ही गोष्ट तर तुम्हीही ऐकली असेल. बुलेट ट्रेनमध्ये तीनशेच्या वेगानं जाताना मी तोच पाव खात होते आणि शेजारचा जपानी गृहस्थही तोच खात होता. त्याला कुणी बाटवलं नव्हतं.

निशिझाका टेकडी स्टेशनापासून पाच मिनिटांवर, एका चढावर. वर छोटी बाग, आणि समोर ग्रॅनाइटची लांब भिंत. भिंतीत ओळीनं सव्वीस ब्राँझच्या मूर्ती, फुनाकोशी यासुताके या शिल्पकारानं १९६२ साली घडवलेल्या. क्रूस दाखवलेले नाहीत. माणसं उभी आहेत, पण पायाचे अंगठे खाली लोंबते, जमिनीला न टेकलेले, जणू नुकतंच कुणी वर उचललं. त्यांतली तीन मुलं आहेत हे लांबूनच कळतं, उंचीवरून. सगळ्यांत लहान बारा वर्षांचा. क्योतोत यांच्यातल्या बहुतेकांचे डावे कान कापले आणि भर हिवाळ्यात इथवर चालवत आणलं. महिनाभर लागला. मी वारा सोसत, शालीत गुरफटून दहा मिनिटं उभी होते तर माझे कान बधिर झाले.

वसईवाला कोणता ते मला ओळखता येईना. शेजारच्या संग्रहालयात काउंटरवर एक वयस्क बाई होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. मी नाव सांगितलं. त्या बाहेर आल्या, बर्फासारख्या वाऱ्यात, कोट न घालता, आणि बोट दाखवलं. "तुमचा कोण?" त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं. काय सांगणार? मी म्हटलं, "गाववाला." हा शब्द इंग्रजीत सांगायला मला पुष्कळ शब्द लागले, त्यांना एका वाक्यात कळला.

आत आल्यावर चहा दिला. मी सुकेळ्यांचं पाकीट दिलं. पान सोडवून त्यांनी एक हातात घेतलं, वास घेतला, उजेडासमोर धरलं, आणि खाण्याआधी विचारलं, की तुमच्या भाषेत क्रिसमसला काय म्हणतात? नाताळ, मी म्हटलं. त्या थांबल्या. "ना-ता-रु?" मी म्हटलं, नाताळ. त्यांनी कागद ओढला, तीन अक्षरं काढली आणि वाचून दाखवली: ना, ता, रा.

गोष्ट अशी, की १६१४ साली तोकुगावा शोगुनांच्या राजवटीनं ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली ती १८७३ पर्यंत उठली नाही. अडीचशे वर्षं नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत, बेटांवर लोकांनी चोरून प्रार्थना केल्या. पाद्री नाही, पुस्तक नाही. दरवर्षी येशूच्या चित्रावर पाय देऊन दाखवायचं आणि घरी येऊन पश्चात्ताप करायचा. मेरीऐवजी कान्नोन देवीची मूर्ती ठेवायची. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द आजोबांकडून नातवाकडे, अर्थ पुसट होत गेलेले. त्या लोकांच्या तोंडी हा सण 'नातारा' होता. पोर्तुगीज 'नाताल', त्यांच्या जिभेवर ल नाही म्हणून रा, आमच्या जिभेनं त्याचा ळ केला. आम्हाला पोर्तुगीज किरिस्ताव करून गेले, त्यांना किरिशितान. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांना वसईतून हाकललं, पण शब्द राहिला. तिकडे शोगुनांनी त्याच्या शंभरेक वर्षं आधी हाकललं, आणि शब्द जमिनीखाली गेला.

तोवर मी जपानला 'नाताळाची परंपरा नसलेला देश' म्हणत होते. पण फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्यातूनच इकडे निघाला. तो ज्या यामागुची गावात राहून गेला, तिथे त्याच्या सहकाऱ्यांनी १५५२ साली नाताळाची मिस्सा केली. जपानात नोंदलेली ती पहिली. ज्याच्या शवाच्या दर्शनाला आम्ही दहा वर्षांनी एकदा ओल्ड गोव्याला रांगा लावतो, तोच हा. मारुनोउचीच्या दिव्यांशी या नाताळाचा काही धागा नाही. ते झाड वेगळ्या वाटेनं आलं, हे वेगळ्या. जपानात दोन नाताळ आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

संध्याकाळी ट्रामनं उराकामीला गेले. ९ ऑगस्ट १९४५ चा बाँब इथल्या चर्चपासून अर्ध्या किलोमीटरवर फुटला. लपून राहिलेल्या त्या लोकांच्या वंशजांनी वर्षानुवर्षं पदरमोड करून बांधलेलं ते चर्च होतं. सुमारे बारा हजारांच्या वस्तीतली साडेआठ हजार माणसं गेली. आवारात डोकी उडालेले, काळे पडलेले दगडी संत अजून उभे आहेत. दोन बुरुजांतल्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली. त्या वर्षी चोवीस डिसेंबरला उरलेल्या लोकांनी ती लाकडांच्या आधारानं टांगून वाजवली. आताचं चर्च १९५९ चं. दुसऱ्या बुरुजाची घंटा अमेरिकेतल्या कॅथलिकांनी वर्गणी काढून दिली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ऐंशी वर्षांनी, दोन्ही एकत्र वाजल्या.

मी दीड तास आधी गेले तरी मागच्या बाकावरच जागा मिळाली. बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या जाळीच्या ओढण्या. आमच्याकडे आजीच्या पिढीनंतर ही पद्धत गेली. मला कुणीतरी मागून हळूच एक ओढणी पुढे केली. मिस्सा जपानीत, एक अक्षर कळलं नाही, पण कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, ते गुडघ्यांना माहीत होतं. बाळाची मूर्ती गोठ्यात ठेवली. गोठ्यात भाताचा पेंढा होता, आमच्यासारखाच.

मग घंटा. मला नाशिकची नारोशंकराची घंटा आठवली. ती मूळची चर्चची, वसईच्या स्वारीतली लूट. पोर्तुगीज अक्षरं अजून तिच्यावर आहेत आणि ती महादेवाच्या देवळात आहे. लहानपणी वडिलांनी मला उचलून ती वाजवू दिली होती आणि कानात म्हणाले होते, "आपलीच आहे." त्यात तक्रार होती की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पंचवीसला संध्याकाळी स्टेशनाच्या इमारतीत गेले. केकच्या काउंटरवर अर्ध्या किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. मी सगळ्यांत लहान घेतला, आणि तिथल्या मुलानंही विचारलंच, घरी पोचायला किती वेळ? हॉटेल रस्त्यापलीकडे होतं. त्यानं तरी बर्फाची एक पुडी घातली.

आईचा फोन आला. तिकडे साडेतीन वाजले होते, मागे पाहुण्यांचा गलका. "मिळाली का मिस्सा?"

"मिळाली."

"कुठे?"

सांगायला लागले तर तिला नीट ऐकू येईना. ओरडून म्हटलं, "गोन्सालो गार्सियाकडे!"

"कुणाकडे?"

समोर दोन कामगार बारा फुटी नाताळवृक्ष आडवा करून मालाच्या लिफ्टकडे ओढत होते. वरचा तारा उतरवून एकानं बगलेत धरला होता. लिफ्टचं दार उघडलं तर आतून दुसरे दोघे नव्या वर्षाचं कादोमात्सु घेऊन बाहेर येत होते, तिरके कापलेले तीन हिरवे बांबू आणि पाइनच्या डहाळ्या. दाराशी कोंडी झाली. झाडवाले मागे सरले आणि वाकले. बांबूवाले वाकले. मग दोन्हीकडचे पुन्हा वाकले, आणि तेवढ्यात लिफ्टचं दार बंद होऊन ती रिकामीच वर निघून गेली.